पाचर, एक नग

चौदा मार्च, मंगळवार. पहाटे धुकं, आठनंतर कोरडं ऊन, वारा नाही — असं लिहूनच माझा दिवस सुरू होतो, मॅडम, तुम्ही वही उघडायला सांगितलीत म्हणून वाचलं. हसा, हसायला काही हरकत नाही, मेहुणापण हसतो. म्हणतो, दादा, तू पॉवर प्रेस शिकवतोस का वेधशाळा चालवतोस. आता नियमात हवामान नाही, हे मलाही माहीत आहे. नियमात वही आहे. खासगी धंदेशिक्षणाच्या शाळेला सरकारी मान्यता टिकवायची तर हजेरीची वही पाहिजे, साठ्याची पाहिजे आणि घटनांची पाहिजे, पानांवर छापील आकडे, एकही पान फाडायचं नाही — मी अकरा वर्षं तिन्ही लिहितोय आणि अकरा वर्षांत तुमच्या खात्याचं एकही माणूस त्या उघडून बसलं नाही. तुमच्या आधीचे साहेब दारातूनच विचारायचे, मास्तर, वह्या आहेत ना? आहेत म्हटलं की कागदावर खूण करून मोकळे. तुम्ही पहिल्या. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय निखळलाय, आज सकाळीच निखळला. ही घ्या. आणि बूट जरा इकडं — ते तेल आहे. प्रेसच्या खोलीत तेल असायचंच.

मालक, म्हणजे तोच माझा मेहुणा? आत आहे, कोठीत, पोत्यांवर आडवा झालाय. जिन्यावरून पाय घसरला त्याचा. बहीण आहे त्याच्याजवळ — माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची बायको, इथलं ऑफिस तीच बघते, तुमच्यापुढची फाइल तिनंच लावलीय — त्यामुळे आज तुमच्या वाट्याला मीच. तसंही मुख्य निदेशक म्हणून तुमच्या कागदावर माझंच नाव आहे. काय? हो, बरोबर बघताय, इथं जिना नाही. सगळं तळमजल्यावर आहे, अर्जात लिहिलंय तसं, एक हॉल, हे काचेचं केबिन, कोठी आणि मोरी. जिन्याचं राहू द्या, येतो मी तिकडं. आधी घड्याळ बघा. अकरा वाजून पाच. अकरा चाळीसच्या आत मला घटनांच्या वहीतली एक नोंद पुरी करायचीय, आणि तिच्यावर सरकारी माणसाची सही लागते. तोवर तुम्ही साठ्याची वही बघा. सावकाश बघा. खिळा न् खिळा आहे तिच्यात.

नोंद कुणाची? शिलाईवालीची. नाव हजेरीत आहे, आम्ही सगळे शिलाईवालीच म्हणतो, कारण इथं यायच्या आधी ती घरी बसून पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. चौतीस वर्षांची, पदरात दोन मुली, आणि जीभ अशी की हॉलमधली बाकीची पंधरा माणसं तिच्यापुढं गप्प. पहिल्या दिवशी प्रेसकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, मास्तर, ही माझ्या शिलाई मशीनची सासू दिसते. एकशेसाठ तासांचा कोर्स. शनिवारी सकाळी तिचे एकशेअठ्ठावन्न तास झाले होते. दोन राहिले, मॅडम, दोन. शनिवार, अकरा मार्च, आभाळ स्वच्छ, वारा पश्चिमेचा, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मशीन नंबर दोनवर तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. तर्जनी मुळापासून, मधलं आणि अनामिका दुसऱ्या पेरापासून. वॉशर जिथं पडतात त्या ट्रेमध्ये पडली, वॉशरबरोबर. मी उचलली. हातरुमालात घेतली, दवाखान्यात नेऊन दिली, तिथल्या माणसानं उघडून बघितली आणि परत गुंडाळली. ती ओरडली नाही हो. स्टुलावर बसली, हात वर धरला — तसा कुणी शिकवला नव्हता, आपणहून धरला — आणि म्हणाली, मास्तर, मशीन बंद करा, पत्र्याची पट्टी वाया जातेय.

तर बहात्तर तास. तुम्हाला नियम सांगायला नकोत, पण सांगतो, कारण मलाच एकदा मोठ्यानं ऐकायचेत. बहात्तर तासांत घटना वहीत चढली, कारण लिहिलं गेलं आणि शाळेतल्या जबाबदार माणसाचं नाव लिहिलं गेलं, तर सरकारनं शाळेकडून जी अनामत धरून ठेवलेली असते तिच्यातून तिला मिळतं, आणि झालेले तास दुसऱ्या शाळेत धरतात. नाही चढली तर? तर शिकणाऱ्याचा निष्काळजीपणा. तिची बोटं, तिचं नशीब. बहात्तर तास म्हणजे आज अकरा चाळीस. रविवारी बघायला गेलो तर तिनं पहिलं काय विचारलं? बोटांचं नाही. मास्तर, माझे तास वाया नाही ना जाणार. मी म्हटलं, नाही. मी शब्द दिलाय, म्हणजे वहीनं दिलाय.

उठा जरा, काचेतून बघा. चार मशीन, चारही हिरव्या. छान दिसतात ना? मेहुण्यानं गेल्या आठवड्यात रंग मारला, खास तुमच्यासाठी. मान्यतेच्या अटीत चार प्रेस आहेत — सोळा शिकाऊ, चार मशीन, प्रत्येकी बाराशे वॉशर. थांबा, तीन नंबर लावून दाखवतो. ऐकलं? घुर्र. दिवापण लागला. तुमचे आधीचे साहेब इथवर ऐकायचे आणि खूण करायचे. आता मागचं झाकण काढतो. काय दिसतं? टेबलफॅनची मोटर. प्रेसची मोटर सहा वर्षांपूर्वी काढून विकली, तीनची आणि चारची, दोन्ही. घुर्र करायला पंख्याची पुरते. मेहुण्याचं डोकं. तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की हे मी सांगायला नको होतं — अहो, हे तर काहीच नाही. मग सोळा माणसं दोन मशीनवर, आणि प्रत्येकी बाराशे वॉशर तर झालेच पाहिजेत, तुमच्याच खात्यानं मंजूर केलेला अभ्यासक्रम आहे. एकशेसाठ तासांत बसतं का ते? नाही बसत. मी गणित मांडलेलं आहे, दाखवतो हवं तर. सदुसष्ट टक्के बसतं.

आता दोन नंबर बघा, नीट बघा. पुढं दोन लाल बटणं, खांद्याएवढ्या अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच पंच, म्हणजे वरचा ठोकळा, खाली येतो. का? कारण दोन्ही हात बटणांवर आहेत म्हणजे एकही हात डायमध्ये, खालच्या साच्यात, नाही. इतकं साधं. एक दाबून बघा, काही होणार नाही — दाबू नका. दाबू नका म्हटलं. सॉरी. त्या मशीनवर दाबू नका. तिथं डाव्या बटणात पाचर आहे. लाकडी, अंगठ्याएवढी, दिसली? ती बटण आत दाबून धरते, मग उजवं एकटं पुरतं आणि डावा हात पट्टी सरकवायला मोकळा. काम दीडपट होतं. बाराशे वॉशर बसतात. शनिवारपासून ती तशीच आहे, मी कुणाला हात लावू दिलेला नाही, पुरावा म्हणून. कुणी लावली? लावली असेल कुणीतरी. सगळ्या कारखान्यांत लावतात, तुम्ही कुठंही जाऊन बघा.

शनिवारी दुपारी मी नोंद लिहिली. पान त्र्याऐंशी. वेळ, मशीन, बोटं, कारण : पाचर. जबाबदार व्यक्ती : — आणि तिथं एक ओळ मोकळी सोडली. चौकशी व्हायचीय म्हणून. अशा ओळी मोकळ्या सोडतात. आज सकाळी नऊला वही उघडली, आजचं हवामान लिहिलं, मागं उलटून बघतो तर ब्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी. मधलं पान नाही. मुळाशी दातेरी कडा, ब्लेडनं नाही, हातानं ओढून फाडलेलं. मॅडम, माझी आई गेली तेव्हा मी असा गार पडलो नव्हतो. मेहुणा इथंच होता, त्या खुर्चीवर, आरशात बघून टाय बांधत होता, तुम्ही येणार म्हणून. मी म्हटलं, पान? तो म्हणाला, दादा, शांत हो, मी नीट लिहून ठेवतो, तिनंच मशीनची सुरक्षेची जाळी काढली असं लिहू, मान्यतेचं नूतनीकरण आज आहे, शाळा गेली तर सोळा जणांचे तास जातात, तुझ्या शिलाईवालीचेही, तुला एका पानाची पडलीय. आणि त्याचं चूक होतं का? पूर्ण चूक नव्हतं. बोलण्यात तो कधीच पूर्ण चूक नसतो. बहिणीशी लग्न ठरलं तेव्हा मीच म्हटलं होतं, मुलगा बोलून कुठूनही वाट काढेल.

मी हजेरीच्या वहीनं मारलं. हाताला तीच लागली. तीनशे पानांची, कापडी पाठीची, कोपऱ्यांना पत्रा लावलेला — तो मीच लावलाय, पानं दुमडू नयेत म्हणून. पहिला तडाखा तोंडावर बसला. टाय तशीच अर्धी बांधलेली. तो हसला आधी, त्याला वाटलं झालं एवढंच. दुसरा कानावर, तेव्हा खुर्ची गेली. मग तो खाली आणि मी वर, आणि किती मारलं ते मोजलं नाही. मी सगळं मोजतो, हे मोजलं नाही. नाक फुटलं, ते हे सगळं — तेल नाही ते, तुम्हाला केव्हाच कळलंय, उगाच बूट जपून ठेवताय. दोन दात पडले, वरचे, उजवीकडचे. पाकिटात घातलेत, वर तारीख टाकलीय. बहीण किटली घेऊन आली. वीस वर्षं झाली तिच्या लग्नाला. तिनं किटली टेबलावर ठेवली, वाफ जाऊ नये म्हणून झाकण लावलं, आणि म्हणाली, दादा, हजेरी भिजतेय. तेव्हा मी थांबलो. ही बघा. कोपरा ओला आहे, आतले तास कोरडे आहेत. एकशेअठ्ठावन्न, शेवटचा आकडा, तिची सही. तपासून घ्या.

पण पान कुठंय ते तो सांगेना. तोंडात रक्त, तरी हसतो, म्हणतो, दादा, जाळलं. मग मी त्याला दोन नंबरवर नेला. कॉलर धरून नाही, मनगट धरून नेला, हॉलभर. तुम्ही आलात तेव्हा बाहेर पायऱ्यांवर पंधरा माणसं बसलेली दिसली ना — त्यांनी खिडकीतून बघितलं. एकजण आत आला नाही. मी शिकवलंय त्यांना, मशीन चालू असताना मास्तरांशी बोलायचं नाही. मशीनचं चक्र सुरू केलं, आणि त्याचा डावा हात डायवर ठेवला. पालथा. जिथं तिचा होता तिथं. माझ्या डाव्या हातात त्याचं मनगट, उजवा अंगठा बटणावर. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मॅडम — ऐकताय ना — माझ्या लक्षात आलं की मशीन नियमाप्रमाणे असती तर मला हे करताच आलं नसतं. दोन्ही बटणांना माझे दोन्ही हात लागले असते, मग त्याचं मनगट धरायला तिसरा हात कुठून आणू? पाचर होती म्हणून जमत होतं. म्हटलं, पान? तो लगेच म्हणाला, खिशात, शर्टाच्या खिशात. बहिणीनं काढलं. चार घड्या. हे बघा, डिंकानं लावलंय परत, नियमात बसतं, कडेला सही करायची. पान मिळालं, सोडला त्याला. नुसती भीती दाखवली. एवढंच झालं. बटण दाबलं नाही.

किती वाजले? अकरा बावीस. आता फक्त ती मोकळी ओळ. माझ्या मनात मालकाचं नाव आहे. मशीन त्याच्या, मोटरी त्यानं विकल्या, पान त्यानं फाडलं, सरळ आहे, नाही का? तुम्ही हो म्हटलंत की लिहितो. तुम्ही — काय शोधताय त्या वहीत? कुठल्या पानावर आहात? इकडं करा. नाही, बोट काढू नका, बोट तिथंच ठेवा. कुठली ओळ? सहा वर्षांपूर्वीचं पान आहे हे, जुनं आहे, यात फक्त कानस आणि ग्रीसचे डबे —

हं.

वाचा ना. तुम्हीच वाचा. अक्षर तर चांगलं आहे. "लाकडी पाचर, एक नग. कानशीच्या मोडक्या मुठीपासून तयार केली. उपयोग : मशीन क्रमांक दोन, डावं बटण." आणि पुढं सही. तारखेला ऊन होतं का पाऊस ते साठ्याच्या वहीत लिहीत नाही मी. पण आठवतंय. ढग होते. मोटरी गेल्या त्याच महिन्यात. मेहुणा म्हणाला होता, दादा, आता तूच बघ कसं बसवायचं. त्यानं पाचर म्हटलं नाही. पाचर मी म्हटलं. कानशीची मूठ मोडली होती, टाकवेना, चांगलं लाकूड. दोन दुपारी घासली. पॉलिशपेपर मारला, कुसळ पण लागू नये शिकणाऱ्याच्या हाताला — तेवढी काळजी घेतली. मागं भोक पाडलं, खिळ्याला अडकवायला. आणि शाळेत नवी वस्तू आली म्हणून वहीत चढवली. कोण चढवतं असली गोष्ट? कुणी नाही. सगळे लावतात आणि खिशात घालतात. मी नोंद केली. आणि दर तुकडीला चौथ्या आठवड्यात फळ्यासमोर उभा राहून शिकवलं, बाराशे करायचेत ना, मग ही अशी बसवायची, जोरात नाही, हलक्या हातानं. शिलाईवाली म्हणाली होती, मास्तर, ही तर दाराला लावतात. सगळे हसले. मीही हसलो. सहा वर्षं, मॅडम. तुम्ही तुकड्या मोजू नका, मी मोजल्यात. पंचवीस.

मघाशी मी खोटं सांगितलं. शेवटचं. पान मिळाल्यावर सोडला नाही त्याला. पान बहिणीच्या हातात होतं, तिनं मला दाखवलं, दादा, हे बघ, त्र्याऐंशी, आता सोड त्यांना. आणि मी विचारलं — मला विचारायचं काही कारण नव्हतं — मी विचारलं, पाचर कुणी लावली ते सांग. त्याला वाटलं आता खरं सांगितलं तर सुटेन. म्हणाला, तूच की रे दादा, साठ्याच्या वहीत बघ, तुझीच सही आहे. हळू म्हणाला, दात नव्हते, लहान पोराला समजावतात तसं. आणि मी दाबलं. पानासाठी नाही. त्या वाक्यासाठी दाबलं. बहीण मागं होती, तिनं त्याचा कोपर दोन्ही हातांनी ओढला, पंच खाली आला, बाहीचं बटण गेलं. हे. पांढरं, अर्धं. दुसरं अर्धं डायमध्येच आहे, बघून या. मग मशीन कुणी बंद केली ते मला आठवत नाही, तिनंच केली असणार. मला म्हणाली, हात धू. साबणानं धू. मग त्याला कोठीत नेलं आणि आतून कडी घातली — ती कडी माझ्यासाठी आहे, मॅडम, त्याच्यासाठी नाही. मघापासून आतून आवाज येत नाही म्हणून तुम्ही दोनदा तिकडं बघितलंत. तो जिवंत आहे. ती त्याला बर्फ लावतेय. ती आवाज करत नाही, एवढंच. लहानपणी वडील मारायचे तेव्हाही नाही करायची. वडिलांच्या हातात वही नसायची. पट्टा असायचा.

अकरा तेहेतीस. बसा, बसा, उठू नका, मी तुमच्या अंगाला हात लावणार नाही. पेन देता? माझ्याच्या टोकाला रक्त लागलंय, शाई फुटेल. — लिहितो, तुम्ही ऐका आणि चुकलं तर सांगा. पान त्र्याऐंशी. जबाबदार व्यक्ती : मुख्य निदेशक. पाचर बनवली त्यानं, लावली त्यानं, लावायला शिकवली त्यानं. पुरावा : साठ्याची वही, पान एकोणीस. प्रशिक्षणार्थीचा दोष : नाही. खाली माझं पूर्ण नाव. ओळ लहान पडली, समासात गेलं, चालेल ना? आता पान चौऱ्याऐंशी, आजची घटना. मालकास मारहाण, हजेरीच्या वहीनं. मालकाचा हात डायमध्ये धरून प्रेस चालवली. करणारा : तोच. हे तुम्ही मागितलं नव्हतं, पण आवारातली प्रत्येक घटना लिहायची असा नियम आहे, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. इथं सही करा. इथं, आणि चिकटवलेल्या पानाच्या कडेला. सावकाश, अजून तीन मिनिटं आहेत. वेळ घाला. अकरा सदतीस. झालं.

आता तुमच्या कागदावर काय लिहिताय ते लपवू नका, मला उलटं वाचता येतं, इतकी वर्षं टेबलाच्या या बाजूला बसलोय. लिहा. बरोबर आहे. फोन लावताय तोही लावा, पत्ता सांगताना म्हणा, हिरवं शटर, समोर पायऱ्या, नाहीतर पुढच्या चौकात जातात सगळे. बाहेर त्या पंधरा जणांना सांगा, हजेरीचे उतारे बहीण देईल, प्रत्येकाचे तास त्यावर आहेत. आणि तुम्ही निघा. काचेचं दार ओढून घ्या, आपोआप लागत नाही. मला शेवटची ओळ लिहायचीय, ती कुणी समोर असलं की मला लिहिता येत नाही. जा.

अकरा वाजून एकोणचाळीस मिनिटं. ऊन, वारा नाही. शिलाईवालीचे तास एकशेअठ्ठावन्न, दुसऱ्या शाळेत ग्राह्य. तिच्या डाव्या हाताला बोटं दोन. मालकाचे दोन्ही हात शाबूत. शाळेची मान्यता रद्द. पाचर एक नग, काढून निरीक्षकांसाठी टेबलावर ठेवली.